बॅग, बूट आणि ११७वं मिनिट

१ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद. रायगडच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली आणि करंजापासून श्रीवर्धनच्या जीवना बंदरापर्यंत एकच चर्चा: यंदा कोणाच्या बोटीवर कोण? गेल्या साली रेवसला असलेला खलाशी म्हणे यंदा एकदऱ्याला चाललाय. उचल किती घेतली? तांडेलाशी पटलं नाही का? नेमक्या ह्याच पावसाळी दिवसांत फुटबॉलच्या जगातही माणसं बोटी बदलतात. तिकडे त्याला ट्रान्सफर विंडो म्हणतात आणि उचल जरा मोठी असते, एवढाच फरक.

इंग्लंडमध्ये वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब आहेत. त्यामुळे दर दोन वर्षांनी बॅग भरणारा, पोस्टरवर कधी न येणारा आणि तरीही संघनिवडीत कायम नाव असणारा बचावपटू ही तिथली एक स्वतंत्र जातकुळीच आहे. आपल्याकडे असा माणूस कोण, म्हणून शोधायला गेलं तर एक अस्सल मुंबईकर सापडतो: राहुल भेके. जन्म ६ डिसेंबर १९९०. उजव्या बगलेला खेळवा, मधोमध खेळवा, तक्रार नाही. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी, बेंगळुरू, मुंबई सिटी आणि पुन्हा बेंगळुरू असा त्याचा प्रवास. रेल्वेच्या वेळापत्रकासारखी वाटणारी ही यादी चांगलीच मजेदार आहे.

एका वर्षात दोन मालक

२०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा ती पावसाळा सरल्यावर येऊन नाताळच्या आत आटपायची. जुनी आय-लीग जानेवारीपासून. मग भारतीय खेळाडूंनी करायचं काय? वर्षाचे काही महिने एका क्लबकडे, उरलेले दुसऱ्याकडे उसनवारीवर. भेके ईस्ट बंगालचा असताना २०१५ मध्ये केरळकडून खेळला आणि २०१६ मध्ये पुण्याकडून. म्हणजे कोलकाता, कोची आणि बालेवाडी. तीन शहरं, तीन भाषा, तीन प्रकारचा भात.

हा जुगाड २०१७-१८ला संपला. दोन्ही लीग एकाच वेळी सुरू झाल्या आणि खेळाडूंना एक बोट निवडावी लागली. भेकेने बेंगळुरू निवडलं. निवड किती बरोबर होती, ते पुढे येतंच आहे.

क्लबच बंद पडतात, माणूस काय करणार?

फिरता खेळाडू म्हटलं की लोकांना वाटतं, ह्याचं कुठे जमत नसणार. महाराष्ट्रातल्या फुटबॉलपटूच्या बाबतीत उलटं आहे. तो जागेवर असतो, क्लबच उठून जातो. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. २००७ साली सुरू झालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये बंद. पुण्याचा डीएसके शिवाजियन्स गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला. म्हणजे भेकेने ज्या क्लबांचे शर्ट घातले, त्यातले दोन आज केवळ जुन्या फोटोंत उरलेत.

पुणे सिटीची गोष्ट तर वरताण. त्यांची लीगमधली जागा २०१९ साली हैदराबाद एफसीने घेतली. २०२५ मध्ये हैदराबादनेही गाशा गुंडाळला आणि मुक्काम दिल्लीला हलवला. खेळाडूला फिरस्ता म्हणायचं, तर ह्या जागेला काय म्हणायचं?

ह्याच वाटेवरचा दुसरा मुंबईकर म्हणजे अमेय रानवडे. तोही उजव्या बगलेचा बचावपटू. शिवाजियन्सच्या मुशीतून निघाला, मुंबई सिटीबरोबर २०२०-२१ मध्ये लीग शील्ड आणि चषक अशी जोडी जिंकला आणि पुढे ओडिशाला गेला.

एका हंगामात तीन साहेब

२०१५चा केरळ ब्लास्टर्स हा प्रशिक्षणाचा प्रयोगशाळेतला नमुना होता. हंगाम पीटर टेलर यांच्या हाताखाली सुरू झाला. मध्येच ते गेले, ट्रेव्हर मॉर्गन यांनी काही काळ सांभाळलं, शेवट टेरी फेलन यांनी केला. तिघेही इंग्लंडमध्ये जन्मलेले. ड्रेसिंग रूममध्ये एका डावपेचाची सवय होईपर्यंत दुसरा फळ्यावर. निकाल काय लागला असेल? आठ संघांत आठवा.

पण फेलन हा माणूस आपल्या विषयाच्या दृष्टीने सोन्याची खाण आहे. मँचेस्टरला जन्मलेला हा डावा बचावपटू खेळला आयर्लंडकडून. लीड्स, स्वॉन्सी, विम्बल्डन, मँचेस्टर सिटी, चेल्सी, एव्हर्टन, क्रिस्टल पॅलेस, फुलहॅम, शेफील्ड युनायटेड ही फक्त ब्रिटनमधली यादी. पुढे अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्येही खेळून झालं. १९८८ साली विम्बल्डनने लिव्हरपूलला १-० हरवून एफए कप जिंकला, तो इंग्लिश फुटबॉलमधल्या सगळ्यात गाजलेल्या धक्क्यांपैकी एक. त्या संघात फेलन होता. एवढ्या गावांचं पाणी प्यायलेला माणूस भेकेला तरुण वयात भेटला. शेवटच्या क्रमांकाच्या संघातून काही कमाई झालीच नाही, असं म्हणता येत नाही.

मिडल्सब्रोचा जॉन्सन, बेंगळुरूचा जॉन्सन

भेके बेंगळुरूला पोचला तेव्हा तिथल्या बचावफळीत एक इंग्लिश गडी आधीच मुरलेला होता. जॉन जॉन्सन, जन्म १९८८, मूळ मिडल्सब्रो, मग नॉर्थॅम्प्टन. २०१३ साली बेंगळुरू क्लब नुकताच जन्मला, तेव्हापासून तो तिथे. इंग्लंडच्या खालच्या विभागांत धडपडणाऱ्या बचावपटूला भारतात दोन आय-लीग विजेतेपदं, दोन फेडरेशन कप आणि एएफसी कपची अंतिम फेरी मिळाली. नॉर्थॅम्प्टनला राहिला असता तर? जाऊ द्या, नॉर्थॅम्प्टनच्या लोकांना वाईट वाटेल.

त्याला आणणारा प्रशिक्षक ॲशली वेस्टवुड हा तर फिरत्या बचावपटूंचा मुकुटमणी. मँचेस्टर युनायटेडच्या युवा संघात शिकला आणि तिथून क्रू, ब्रॅडफर्ड, शेफील्ड वेन्सडे, नॉर्थॅम्प्टन, चेस्टर, स्विंडन, स्टीव्हनेज, रेक्सहॅम, क्रॉली. मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिली मोठी संधी मिळाली बेंगळुरूत आणि पहिल्याच हंगामात, २०१३-१४ला, नवख्या क्लबला आय-लीग जिंकून दिली.

पुढचं वाचताना भारतीय पाठीराख्यांनी पाण्याचा पेला जवळ ठेवावा. २६ मार्च २०२४, गुवाहाटी. विश्वचषक पात्रता फेरीत अफगाणिस्तानने भारताला भारतात २-१ हरवलं. अफगाणिस्तानचा प्रशिक्षक? वेस्टवुड. १० जून २०२५, हाँगकाँग. आशियाई चषक पात्रता फेरीत भारत भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर ०-१ हरला. हाँगकाँगचा प्रशिक्षक? तोच. दोन वेगळ्या संघांच्या बाकावर बसून एकाच देशाला हरवण्याचा हा छंद त्याने इथल्याच अनुभवावर जोपासलाय. ज्याला आपण कामाला लावलं, त्यानेच आपलं कच्चं कुठे आहे ते हेरून ठेवलं.

तारीख तीच: १७ मार्च

१७ मार्च २०१८. इंडियन सुपर लीगची अंतिम लढत, बेंगळुरूच्या घरच्या मैदानावर. साखळी फेरीत सर्वांत वर राहिलेल्या बेंगळुरूला चेन्नईयनने ३-२ हरवलं. चेन्नईयनच्या तीनपैकी दोन गोल मायल्सन आल्वेसचे. हा ब्राझीलचा, आणि खेळायचा कुठे? बचावफळीत. दोन्ही वेळा कॉर्नर आला आणि त्याने डोकं लावलं.

१७ मार्च २०१९. बरोबर एक वर्षाने पुन्हा अंतिम लढत, पुन्हा बेंगळुरू, समोर एफसी गोवा. मैदान मात्र अंधेरीचं, म्हणजे भेकेच्या गावचं. ९० मिनिटं गोलशून्य. जादा वेळ सुरू. गोव्याचा अहमद जाहू पहिल्या जादा पंधरा मिनिटांच्या शेवटी लाल कार्ड घेऊन बाहेर. ११७वं मिनिट, पेनल्टी शूटआउटसाठी कोण पाय मोकळे करतंय ह्याकडे लोकांचं लक्ष लागलेलं, तेवढ्यात डिमास डेल्गाडोचा कॉर्नर आला आणि भेकेने डोकं लावलं. १-०. बेंगळुरूचं पहिलं इंडियन सुपर लीग विजेतेपद.

मुंबईचा मुलगा, मुंबईचं मैदान, शर्ट बेंगळुरूचा, हरले गोवेकर. आदल्या वर्षी एका बचावपटूच्या डोक्याने घालवलेला चषक दुसऱ्या बचावपटूच्या डोक्याने परत आणला. योगायोग म्हणा. पण कॉर्नरच्या वेळी मागचे उंच गडी पुढे सोडायची ही चाल बचावपटूच्या आयुष्यातली एकमेव सुट्टी असते, आणि भेके ही सुट्टी कधी वाया घालवत नाही.

ज्याला कार्ड मिळालं, त्यानेच कॉर्नर मारला

२०२१ मध्ये भेके मुंबई सिटीत आला. तिथे मध्यभागी कोण? अहमद जाहू. तोच, अंधेरीच्या अंतिम लढतीत लाल कार्ड मिळालेला. फिरत्या माणसांचं जग लहान असतं. कालचा प्रतिस्पर्धी आज शेजारच्या खुंटीवर शर्ट टांगतो.

११ एप्रिल २०२२, रियाध. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीसमोर इराकचा एअर फोर्स क्लब. हे इराकी साधेसुधे नव्हेत. एएफसी कप सलग तीनदा जिंकलेले, त्यातला पहिला २०१६ मध्ये जॉन्सनच्या बेंगळुरूला १-० हरवून. त्या सामन्यात गोल होता हम्मादी अहमदचा. रियाधलाही पहिला गोल त्याचाच. झालं, पुन्हा तीच गोष्ट, असं वाटत असताना दिएगो मॉरिसियोने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि ७५व्या मिनिटाला जाहूचा कॉर्नर भेकेच्या डोक्यावर उतरला. २-१. आशियाच्या ह्या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या गटात भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिला सामना.

भारतीय क्लब फुटबॉलच्या इतिहासातला मैलाचा दगड, आणि त्यावर नाव एका बचावपटूचं.

बातमी मात्र छेत्रीची

इथे एक गमतीदार धागा आहे. भेके काहीतरी भलं करतो आणि त्याच सामन्यात सुनील छेत्री असं काही करून बसतो की मथळा तिकडे जातो. छेत्रीचा दोष नाही, त्याचं नशीबच मथळ्याचं आहे.

एप्रिल २०१८, भुवनेश्वर, सुपर कपची अंतिम लढत. समोर ईस्ट बंगाल, भेकेचा जुना क्लब. ईस्ट बंगाल पुढे असताना बरोबरीचा गोल भेकेने केला. बेंगळुरू ४-१ जिंकलं. छेत्रीचे दोन गोल. मथळा कोणाचा, सांगायला नको.

५ जून २०१९, थायलंडमधली किंग्ज कप स्पर्धा. वयाच्या २८व्या वर्षी भेकेचं भारतीय संघात पदार्पण. त्याच दिवशी छेत्री भारताकडून सर्वाधिक सामने खेळणारा ठरला, बायचुंग भुतियाला मागे टाकून.

१९ मार्च २०२५, शिलाँग. मालदीवविरुद्ध भारताचा ३-० विजय, तोही तब्बल ४८९ दिवसांनी. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतला हरवल्यापासून भारत जिंकलाच नव्हता. आख्खं २०२४ साल कोरडं गेलं होतं. हा दुष्काळ संपवणारा पहिला गोल भेकेचा, अर्थात कॉर्नरवर, अर्थात डोक्याने. पण छेत्री निवृत्ती मागे घेऊन त्याच सामन्यात परतला आणि तिसरा गोल करून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत भेके दुसऱ्या परिच्छेदात.

एकदा तर छेत्री गैरहजर होता. १८ नोव्हेंबर २०२४, हैदराबाद, मलेशियाविरुद्ध १-१. बरोबरीचा गोल भेकेचा, देशासाठीचा त्याचा पहिला, वयाच्या ३३व्या वर्षी. आघाडीवीर ज्या वयात समालोचनाच्या खुर्च्या शोधू लागतात, त्या वयात ह्याने गोलचं खातं उघडलं. मैदान मोकळं होतं, मथळा मिळायला हरकत नव्हती. पण सामना बरोबरीत सुटल्याने वर्षभर न जिंकल्याचीच बातमी झाली. घ्या!

चषक उचलला, बॅग भरली

४ मे २०२४, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम. मोहन बागानच्या ६० हजारांहून अधिक पाठीराख्यांसमोर मुंबई सिटीने ३-१ने अंतिम लढत जिंकली. पहिला गोल बागानचा, पुढचे तीन मुंबईचे. कर्णधार राहुल भेके. आपल्या शहराच्या संघाचा कर्णधार म्हणून चषक उचलणं, ह्याहून वर काय असतं? बहुतेक जण अशा वेळी घराला रंग काढतात. भेकेने काही आठवड्यांत सामान बांधलं आणि बेंगळुरूला परत गेला.

आणि मग १२ एप्रिल २०२५. पुन्हा अंतिम लढत, पुन्हा सॉल्ट लेक, पुन्हा मोहन बागान. ह्या वेळी बेंगळुरूने आधी गोल मिळवला आणि बागानने जादा वेळेत २-१ केलं. एका मैदानावर एकाच प्रतिस्पर्ध्यासमोर वर्षभरात राजा आणि रंक, दोन्ही.

त्याआधी २०२२च्या ड्युरँड कप अंतिम लढतीतही असाच उलटा वार झाला होता. भेके मुंबईत, जिंकलं बेंगळुरू, २-१. तो सामना लोकांना आज आठवतो तो बक्षीस समारंभामुळे. मंचावर राज्यपालांनी फोटो नीट यावा म्हणून विजेत्या कर्णधारालाच हाताने बाजूला सारलं आणि ती चित्रफीत देशभर फिरली. तो कर्णधार कोण? बरोबर ओळखलंत. छेत्री.

कबड्डीत असता तर कोट्यधीश

रायगडात बचाव म्हटलं की कुणाला फुटबॉल आठवत नाही. इथे गावागावात कबड्डी. इथला पोरगा कोपरा आणि मध्यरक्षक ह्यातला फरक शाळेत जायच्या आधी शिकतो. त्यामुळे फुटबॉलमधला अन्याय त्याला पटकन कळेल: कबड्डीत पकड केली की गुण फलकावर लागतो, आणि मैदानात तीन किंवा कमी गडी उरले असताना केली तर दोन लागतात. फुटबॉलमध्ये ९० मिनिटं आघाडीवीराला खिशात ठेवलं तरी फलकावर शून्यच. उलट एकदा पाय घसरला की नाव कायमचं लक्षात.

पैशातही फरक बघा. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. पकडीचा गडी. अकराव्यात तो हरियाणाला २ कोटी ७ लाखांना, बाराव्यात गुजरातला २ कोटी २३ लाखांना गेला. पुणे दहाव्या हंगामात विजेते, हरियाणा अकराव्या हंगामात. फिरत्या बचावपटूला शिव्या नाहीत, बोली! आपल्याकडचा विशाल मानेही यू मुंबा, पाटणा, दिल्ली असा फिरला आणि यू मुंबाबरोबर २०१५चं, पाटण्याबरोबर २०१७चं विजेतेपद पाहिलं. कबड्डीचे प्रेक्षक त्याला एका संघात का टिकला नाहीस असं विचारत नाहीत. पकड किती केल्या, एवढंच विचारतात.

फुटबॉलमध्ये मात्र फिरत्या बचावपटूचं कौतुक होण्यासाठी त्याने मँचेस्टर युनायटेडकडून यावं लागतं. वेस ब्राऊन तसा आला होता. चॅम्पियन्स लीगची दोन पदकं, १९९९ आणि २००८. २००८च्या अंतिम लढतीत रोनाल्डोच्या हेडरसाठी चेंडू उचलून देणारा तोच. युनायटेड, संडरलंड, ब्लॅकबर्न आणि मग २०१७ मध्ये थेट केरळ ब्लास्टर्स. कारकिर्दीचा शेवटचा क्लब कोचीत. रोनाल्डोला सगळ्यांनी पाहिलं, चेंडू कुणी दिला ते मात्र शोधावं लागतं.

जुना मास्तर, नवी यादी

मुंबई एफसीत भेके घडत होता तेव्हा तिथले प्रशिक्षक होते खालिद जमील. पैसा कमी, नावं लहान आणि दर हंगामात खालच्या विभागात घसरायची टांगती तलवार. अशा संघात बचाव शिकावाच लागतो, दुसरा पर्याय नसतो. तो क्लब २०१७ मध्ये संपला, पण मास्तर आणि विद्यार्थी त्याआधीच आपापल्या वाटांनी गेले होते. मास्तरांनी दरम्यान ऐजॉलसारख्या छोट्या क्लबला २०१६-१७ची आय-लीग जिंकून देऊन देशाला चकित केलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताचे प्रशिक्षक झाले. पहिली परीक्षा मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपची. संघाच्या यादीत बचावपटूंमध्ये ३४ वर्षांचा राहुल भेके. ८ सप्टेंबरला तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत समोर ओमान, ज्यांना भारताने कधी हरवलं नव्हतं. सामना १-१, पेनल्टी शूटआउट, भारत ३-२ने विजयी. छेत्री ह्या संघात नव्हता. मथळा पुन्हा निसटलाच, कारण शेवटची पेनल्टी अडवली गुरप्रीत सिंग संधूने.